तिसऱ्यानं काय करायचं

प्रश्न विचारणारी मुलगी तेव्हा चष्मा पुसत होती, त्यामुळे समोरच्याचा चेहरा तिला नीट दिसत नसावा. नाहीतर तिनं तो प्रश्न इतक्या सहज विचारला नसता, असं त्याला नंतर घरी जाताना वाटत राहिलं. नाट्यशाळेतला पहिल्या वर्षाचा वर्ग होता. दुपारची वेळ, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन तालमीच्या लाकडी जमिनीवर लांबट पसरलेलं, काळ्या पडद्यांना धुळीचा आणि जुन्या घामाचा वास. तो मुलांना रंगमंचाची बाराखडी शिकवत होता, दरवर्षी शिकवायचा तशीच. विंग म्हणजे काय, एन्ट्री घेण्याआधी विंगेत श्वास कसा सोडायचा. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द हा आपला क्यू असतो, पण आपण त्या शब्दाची वाट बघतोय हे कुणाला दिसता कामा नये. पॉझ म्हणजे नुसतं गप्प बसणं नव्हे, स्वगत म्हणजे स्वतःशी पुटपुटणं नव्हे. ही वाक्यं त्याच्या तोंडात इतकी रुळली होती की ती बोलता बोलता तो मनानं कुठंतरी लांब फिरून परत येऊ शकायचा, आणि मुलांना पत्ता लागायचा नाही. मग जनांतिक आलं. रंगमंचावर तिघं उभे आहेत. त्यातले दोघं तोंडाशी हात आडवा धरून आपसांत काही बोलतात. ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जातं, पण शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या पात्राला जात नाही, असा जुन्या नाटकांतला संकेत. त्यानं दोन मुलांना पुढं बोलावलं, एका उंच मुलाला त्यांच्या बाजूला उभं केलं. दोघं हात आडवे धरून त्या उंच मुलाच्या बुटांबद्दल काहीबाही बोलले. वर्ग हसला. आणि चष्मेवाली म्हणाली, "सर, पण तो तिसरा? त्यानं काय करायचं?"

"त्याला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"पात्राला येत नाही. नटाला येतंच ना? तो तिथंच उभा आहे. मग तेवढा वेळ त्यानं काय करायचं?"

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आत काहीच नव्हतं. म्हणजे रिकामं असं नव्हे; एखाद्या खोलीत दिवा लावायला जावं आणि बटण नेहमीच्या जागी नसावं, हात भिंतीवरून फिरत राहावा, तसं. मुलांना वाटलं सर पॉझ करून दाखवतायत. पुढच्या बाकावरच्या एकानं तर ते लिहूनही घेतलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "उद्या बघू," आणि घड्याळाकडं न बघताच त्यानं वर्ग सोडला.

खरं तर हा प्रश्न त्याच्याइतका कुणाच्याच जवळचा नव्हता. वर्गात उभं राहून शिकवायला लागण्याआधी तो एका नाटक कंपनीत होता, आणि तिथं त्यानं वर्षानुवर्षं तिसऱ्याचीच कामं केली. मालक-मालकीण भांडत असताना हातात ट्रे धरून उभा असलेला नोकर. राजा आणि सेनापती मसलत करत असताना दाराशी उभा पहारेकरी. वाक्यं दोन, फार तर तीन. पण उभं राहावं ते त्यानंच. नाक खाजलं तरी हात हलायचा नाही, शिंक आली तर ती तो कुठं घालवायचा देव जाणे. कंपनीत त्याला सगळे खांब म्हणायचे. "खांबाला मागे घ्या, खांबाला जरा डावीकडं सरकवा," असं दिग्दर्शक बिनदिक्कत ओरडायचा आणि तोही हसत सरकायचा. एकदा एका नटीनं प्रयोगानंतर त्याला विचारलं होतं, "तुला कंटाळा येत नाही का रे?" तो म्हणाला होता, नाही. हे खरं होतं. उभं राहिलं की त्याच्या आत एक संथ, कोमट पाणी भरत जायचं, खांद्यांपर्यंत यायचं, आणि समोरची माणसं त्या पाण्यापलीकडून बोलल्यासारखी बोलायची. हे उभं राहणं तो कुठं शिकला, असं मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तो बसनं न जाता चालत निघाला. रस्त्याच्या कडेला एका दुकानाची काच पुसली जात होती. पुसणाऱ्याचा हात वर-खाली जाई तसतसं त्या काचेतलं रस्त्याचं चित्र पुसलं जाऊन पुन्हा उमटत होतं. त्यात त्याला स्वतःचे दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरलेले दिसले. चालताना कुणी असे हात धरत नाही. तो थबकला. हात असे धरायचे ते कधी, हे त्याच्या हातांना आधी आठवलं आणि मग त्याला. बाह्या नुसत्या टाचण्यांवर लावलेल्या असतात तेव्हा. मावशीच्या घरी, खिडकीतल्या शिवणयंत्राशेजारी, लाकडी पाटावर तो उभा होता. अंगावर शाळेचा अर्धा झालेला शर्ट. मावशी त्याच्या पाठीमागं गुडघ्यांवर बसलेली, तोंडात टाचण्या धरलेल्या. "हलू नकोस, टोचेल," एवढं ती सुरुवातीलाच म्हणाली होती. समोर पलंगावर आई बसली होती, मांडीवर धाकटी झोपलेली. दुपार होती. यंत्राच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास होता. आणि आई, त्याच्या डोक्यावरून, जणू तो शर्ट नुसता हवेतच टांगलेला होता अशा आवाजात, मावशीला म्हणाली, "थोरल्याची शाळा मोडता येत नाही. धाकटी अजून अंगावर पिते. हा मधला आहे. ह्याचा काही त्रास नाही बघ. ठेवशील तिथं राहतो."

ह्यावर मावशी काहीतरी म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ओठ न उघडता, घशातून. शब्दांची नुसती चाल आली, शब्द आले नाहीत. आई म्हणाली, "नाही गं, तसं नको." मावशी पुन्हा तसंच घशातून काही म्हणाली. मग आईनं सुस्कारा टाकला, मावशी घशातूनच आणखी काही म्हणाली, आणि ठरलं. तो उभा होता. त्याच्या समोर भिंतीवर खडूची एक रेघ होती, मावशी मापं घ्यायची त्यातली. त्या रेघेकडं तो बघत राहिला. संध्याकाळी निघताना आईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "चार दिवस राहा हं मावशीकडं. शर्ट झाला की न्यायला येते." शर्ट दुसऱ्याच दिवशी झाला. खुंटीवर टांगला गेला. त्यानं तो घातला तेव्हा काखेत रुतायला लागला होता.

मूलबाळ नसलेल्या मावशी आणि काकांनी त्याला वाढवलं, चांगलं वाढवलं. काका टेलिफोनच्या खात्यात होते, अबोल माणूस. त्यांनी त्याला सायकल शिकवली आणि एक दिवस दुपारच्या झोपेत ते गेले. आई सुट्टीत भेटायला यायची, काहीबाही आणायची, "मोठा झाला गं," म्हणायची. कुणी काही लपवलं नाही आणि कुणी काही सांगितलंही नाही. तो सगळं जाणत होता, आणि जाणतो हे त्यानं कधी दिसू दिलं नाही. फक्त ती टाचण्यांमधली वाक्यं तेवढी राहिली होती. लहानपणी रात्री डोळे मिटल्यावर तो त्या चालीवर शब्द बसवून बघायचा. कधी ते "दे, मला हवाच आहे," असे बसायचे. कधी "नको गं बाई, माझ्या गळ्यात कशाला," असेही बसायचे. दोन्ही अगदी बेतल्यासारखे बसायचे, ही पंचाईत.

तो घरी पोचला तेव्हा बायको लवकर आलेली होती. ती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघून तिच्या कपाळाला एक कायमची आठी पडलेली. मावशी नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या खुर्चीत. आता तिचं वय इतकं झालं होतं की ती खुर्चीत बसायची नाही, खुर्चीवर ठेवलेली असायची. गेल्या हिवाळ्यापासून ती दोनदा पडली होती. दिवसा तिच्यासोबत राहणारी बाई गावी परत जाणार होती आणि दुसरी मिळत नव्हती. म्हणून दोघांनी शहराबाहेरचं एक वृद्धनिवास बघून ठेवलं होतं. स्वच्छ, बागेचं, भिंतींना सगळीकडं धरायला दांड्या असलेलं. यादीत नाव घातलं होतं.

"फोन आला होता," बायको टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली. "सोमवारी खोली रिकामी होतेय. आज-उद्या कळवायला सांगितलंय."

"बरं."

"बरं काय? हिला काय सांगायचं ते ठरव. मला वाटतं, सगळं एकदम नको सांगायला. चार दिवस राहून बघा म्हणू. एकदा रुळली की मग काही त्रास नाही. तशी ती कुठं हट्ट करते?"

बायकोचं काही चुकत नव्हतं. ती वाईट बाई नव्हती. दोन्ही वेळा मावशीला जमिनीवरून तिनंच उचललं होतं, न्हाऊ-माखू तीच घालायची. हे बोलणंही नेहमीचंच होतं, मावशीच्या समोर, तिच्यावरून, गेले कित्येक महिने. तोही असाच बोलत आलेला होता. पण आज त्यानं मावशीकडं पाहिलं. मावशी तिच्या मांडीवर पडलेल्या एका टॉवेलाची किनार दुमडत होती. दुमडायची, बोटानं दाबायची, उलगडायची. चेहरा शांत, नजर खिडकीबाहेरच्या गच्चीवर, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. अगदी बेतशीर काम होतं ते. जास्त नाही, कमी नाही. खोलीतलं ऊन हळूहळू पाण्यासारखं चढत गेलं आणि त्याच्या गळ्याशी आलं.

"मी बोलतो तिच्याशी," तो म्हणाला.

बायको घड्या घातलेले टॉवेल उचलून आत गेली. कपाटाचं दार वाजलं, मग नळ. तो पाट ओढून मावशीसमोर बसला. तिच्या गुडघ्यांपाशी त्याचं तोंड आलं.

"मावशी, आम्ही बोलतो ते ऐकतेस ना तू?"

मावशीनं किनार दाबली. "खुर्चीत आणून ठेवलंयत मला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द सगळे जागच्या जागी होते. "कान काही काढून नाही ठेवलेत."

"मग बोलत का नाहीस?"

"तू बोललास कधी?"

आतला नळ बंद झाला. त्याला वाटलं, आपण काही ऐकलंच नाही असं करता येईल. अजूनही येईल, सवयीचं आहे. "कधी म्हणजे?" त्यानं विचारलं.

"पाटावर होतास तेव्हा. तुझी आई बोलत होती तेव्हा." मावशीनं खिडकीवरची नजर काढून त्याच्यावर आणली. "कान लालभडक झाले होते तुझे. मी मागं बसलेली. मागून दुसरं काय दिसतं? कानच दिसतात."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तो जाणतो हे ती जाणत होती, आणि तीही खुंटीवरच्या त्या शर्टाकडं बघून गप्प राहिली होती. इतकी वर्षं एका घरात, एका ताटलीतलं खाऊन, दोघंही एकमेकांना न ऐकल्याचं दाखवत राहिली होती, आणि दोघांचीही कामं चोख झाली होती.

"तू काय म्हणालीस तेव्हा? तोंडात टाचण्या होत्या तुझ्या. मला शब्द नाही कळले."

"आत्ता विचारतोस होय ते?"

"राहून गेलं होतं."

मावशीनं किनार दुमडली, दाबली, उलगडली. तो पॉझ त्यानं मोडला नाही. खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"धाकटी दे, असं म्हणाले मी," मावशी म्हणाली. "मला मुलगी हवी होती. फ्रॉक शिवायचे होते मला. झालरीचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. तुझी आई म्हणाली, ती नको, ती अंगावर पिते. मी म्हटलं, वरच्या दुधावर वाढवीन. ती काही ऐकेना. मग म्हटलं, बरं, हा तर हा."

हवाच आहे, किंवा नको गं बाई. ह्या दोन्हींपैकी कशाचीही तयारी त्याच्यापाशी होती. दोन्ही उत्तरं त्यानं इतक्यांदा घोकली होती की त्यांपैकी कोणतंही आलं असतं तरी चेहरा हलला नसता. हे तिसरंच निघालं. फ्रॉक. सबंध आयुष्य ज्या वाक्याभोवती तो उभा राहिला त्या वाक्यात तो नव्हताच. त्यात झालर होती. त्याचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं आपण रडतोय, पण ते हसू होतं, आवाज न करता आलेलं, थांबेना असं. मावशीचेही ओठ एका बाजूनं वर गेले. "काय झालं रे?" आतून बायकोनं विचारलं.

"आणि मग?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"मग काय? तू होतास. सकाळी उठलं की होतास, शाळेतून आलं की होतास. रोजच होतास. मग ते फ्रॉकचं राहूनच गेलं." टॉवेलाची किनार तिनं एकदाची सोडली आणि हात मांडीवर ठेवला. "मला नाही जायचं तिकडं. बाग छान असेल. पण मला नाही जायचं. आणि चार दिवस असं म्हणू नकोस. मी लहान नाही."

किती सोपं होतं ते. मला नाही जायचं. तीनच शब्द, त्यात अवघड उच्चार एकही नाही. त्यानं ते मनात एकदा म्हणून पाहिले, कोवळ्या आवाजात, पाटावर उभं राहून. तेव्हा म्हटले असते तर आईनं उचलून परत नेलं असतं कदाचित. मग ही खुर्ची, ही खिडकी, ही म्हातारी आपली कुणीच नसती. त्याला नक्की काय वाटलं ते त्याला कळलं नाही, पण पाटाची कड त्यानं घट्ट धरून ठेवली.

त्या संध्याकाळी जेवताना मावशीची खुर्ची त्यानं टेबलाशी ओढून आणली, एका बाजूला नव्हे, समोरासमोर. बायको त्याला म्हणाली, "सांगितलंस का हिला?" तो म्हणाला, "तिलाच विचार." बायको एकदम गोंधळली. समोरच्या माणसाशी बोलायला माणसाला इतकं जड जाऊ शकतं हे त्यानं तेव्हा पाहिलं. मग बायकोनं हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला दोनदा जमिनीवरून उचललंय. माझी पाठ अजून दुखते. तिसऱ्यांदा पडलात आणि घरी कुणी नसलं तर?"

"तर पडून राहीन," मावशी म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत."

"असं कसं बोलता? आम्हाला काय वाटेल?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी माझं सांगितलं."

बायको रडली, चिडली, मग चिडल्याबद्दल पुन्हा रडली. तुझी मावशी, तुझं काय जातं, दिवसभर तू बाहेर, असं त्याला पुष्कळ बोलली, आणि ते सगळं खरं होतं. मावशीनंही दोन शब्द सुनावले. न्हाणीघरातलं पाणी फार गरम काढतेस, म्हणाली, कधीपासून सांगायचं होतं. जेवण निवून गेलं. घरात इतका आवाज कधी झालाच नव्हता. शेवटी बायकोनं उठून सगळ्यांची ताटं पुन्हा गरम केली, आणि ताट मावशीपुढं ठेवताना म्हणाली, "उद्यापासून पाण्यात आधी हात घालून बघा तुम्हीच." सोमवारची खोली त्यांनी सोडली. त्यानं नाट्यशाळेत सांगून आपले वर्ग सकाळचे करून घेतले, बायकोनं प्रयोगशाळेत दुपारची पाळी मागितली. मधला थोडा वेळ मावशी एकटी राहायची. ते तिघांनी मिळून ठरवलं होतं. चष्मेवालीला उत्तर द्यायचं म्हणून तो दुसऱ्या दिवशी शब्द जुळवत वर्गात गेला, तर ती आपला प्रश्न विसरून गेली होती. तिला आता रंगभूषेबद्दल काहीतरी विचारायचं होतं.

मावशी तिसऱ्यांदा पडली ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, त्या मधल्या थोड्या वेळात. तो आला तेव्हा ती पलंग आणि खिडकी ह्यांच्यामध्ये जमिनीवर उताणी पडलेली होती, डोळे उघडे, एक हात पोटावर. पिशवी दारापाशीच टाकून तो तिच्याजवळ गेला. "लागलंय का कुठं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "नाही. पाय गेला नुसता. पाणी दे आधी." त्यानं पाणी पाजलं. मग तिच्या काखेत हात घालून उचलायला गेला, आणि त्याच्या कमरेत अशी चमक भरली की तो होता तसाच खाली बसला, आणि बसता येईना म्हणून शेवटी तिच्या शेजारी आडवा झाला. फोन दारापाशी पिशवीत राहिला होता. सरकून जाता आलं असतं. पण मावशी म्हणाली, "राहू दे. येईल ती. घाई कशाची आहे?"

फरशी गार होती, बरी वाटत होती. दोघंही छताकडं बघत पडून राहिली. खोली खालून फार मोठी दिसत होती. पलंगाखाली एक हरवलेला मोजा होता, खुर्चीच्या बैठकीला खालच्या अंगानं कारखान्याचा कागद चिकटलेला होता, आणि खिडकीत इमारती नव्हत्याच, नुसतं आभाळ होतं, त्यात एक पांढरा ढग इतका सावकाश सरकत होता की तोच स्थिर आहे आणि घर चाललंय असं वाटावं. मावशी मधूनच काही सांगायची, काकांबद्दल, एका गिऱ्हाईक बाईबद्दल जिच्या दोन्ही खांद्यांची मापं वेगळी होती. मधूनच तिचा डोळा लागायचा. तिचा श्वास त्याच्या बाहीला लागत होता. त्यानंही डोळे मिटले. त्याला ना उभं राहायचं होतं, ना कशाची वाट बघायची होती.

खिडकीतलं आभाळ तांबूस होत आलं तेव्हा दारात किल्ली फिरली. बायकोची पावलं आली आणि उंबऱ्यात थांबली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "कोण पडलंय?"

"दोघंही," मावशी म्हणाली. "तू ये, पण बघून पाय टाक."